व्हिडिओ बघून हाकलेली होडी

पाच माणसं रोज एका होडीत बसली की किस्से शोधत फिरावं लागत नाही. बोटीच्या तळाला पाणी साठतं तसे तेही साठत जातात. आमचं पलूसकडचं कृष्णाकाठचं गाव. सांगलीच्या एका क्लबनं काढून टाकलेली लांबडी बोट आम्हाला मिळाली. चौघांनी वल्हवायची आणि पाचव्यानं मागं बसून हुकूम सोडायचे, अशी ती बोट. शिकवणारं कोणी नव्हतं, म्हणून आम्ही मोबाइलला गुरू केलं. व्हिडिओतल्या त्या गोऱ्या मास्तरला आम्ही अजून मनातल्या मनात नमस्कार करतो.

*

आमच्याकडं वल्हवणारे पुढं तोंड करून बसतात. व्हिडिओतले मात्र जायच्या दिशेला पाठ करून! फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झालेले शिवाजीआबा म्हणाले, "मास्तर म्हणतोय तसंच करायचं." मग पाण्यात उतरायच्या आधी आठ दिवस घाटाच्या पायरीवर, एकामागं एक, हातात बांबू घेऊन सराव.

धुणं घेऊन चाललेल्या एका म्हातारीनं थांबून विचारलं, "कुठं निघाली रं गाडी?"

आबा बांबू न थांबवता म्हणाले, "फलटणला. बसताय का?"

"तोंड तर सांगलीकडं हाय की," म्हणत म्हातारी गेली.

*

मोबाइल सलीमचा. सलीम आमचा टेलर, इंग्रजी त्यालाच बरं कळतं. त्यानं मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटीत बांधला. मास्तर मोजेल तशी वल्ही मारायची. पण मास्तरचा वेग काही गाठता येईना. पंधरा दिवसांत सगळ्यांचे खांदे उतरले, दत्ताला तर ताप भरला. दत्ता मूळचा विट्याचा, तिकडं तमिळनाडूत सोनं गाळायचं दुकान चालवून परत आलेला.

शेवटी सलीमच्या मुलीनं मोबाइल हातात घेतला आणि म्हणाली, "अब्बा, हे दुप्पट स्पीडवर लावलंय."

"तरीच," दत्ता म्हणाला, "मला वाटलं परदेशात पुरुषांचा आवाज असाच बारीक असतोय."

एक मात्र झालं, त्यानंतरचा खरा वेग आम्हाला लय सोपा गेला.

*

आता माझं सांगतो. मी शाळेत क्लार्क, वजन अठ्ठेचाळीस किलो, आणि लहानपणापासून बोलताना अडखळतो. शब्द तोंडाशी येऊन अडतो. समोरच्याला दम धरवत नाही, तो माझा शब्द पुरा करून टाकतो. दुकानात साबुदाणा मागायला जावं आणि साबण घेऊन यावं, हे मी कैक वेळा केलंय. वाद नको म्हणून पैसेही दिलेत.

व्हिडिओत मास्तर म्हणाला, हुकूम देणारा वजनानं हलका पाहिजे. चौघांनी एकदम माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "म-म-मला जमायचं नाही." आबा म्हणाले, "बसा तर खरं."

पहिले चार दिवस मी गप्पच बसून होतो. मग सलीमनं व्हिडिओतला एक तुकडा दाखवला, वल्हं पाण्यात पडेल त्या ठेक्यावर आकडा म्हणायचा. मी म्हटलं, एक. वल्ही पडली. दोन. वल्ही पडली. दहापर्यंत गेलो, एकदाही अडलो नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी रडलो हे त्यांना दिसत होतं, कारण चौघांची तोंडं माझ्याकडंच असतात. सगळ्यात पुढच्या टोकाला बसणारा आमचा ट्रॅक्टरवाला पोपट म्हणाला, "भाऊसाहेब, अकरा म्हणा की."

त्या अकरासाठी मी या चौघांचा जन्मभर ऋणी आहे.

*

श्रावणात काठावरच्या चार गावांची शर्यत होती. अख्ख्या गावासमोर माझं तोंड चालतंय की नाही, एवढीच मला काळजी. बोटीचं सुकाणू क्लबात असतानाच मोडलेलं, त्यामुळं बोट वळायची ती माझ्या शब्दावर.

अर्ध्या वाटेपर्यंत आम्ही पहिले. मोजणी झकास. आणि समोर शेताला पाणी उचलायचं जॅकवेल आलं, नदीत उभा काँक्रीटचा बुरुज. डावीकडं म्हणायचं होतं. ठेका सुटला आणि शब्द अडला. "डा... डा..."

काठावर सगळा गाव ओरडायला लागला, "डावीकडं! डावीकडं घ्या!" आमच्या चौघांच्या पाठी बुरुजाकडं, नजर माझ्या तोंडावर, आणि वल्ही सरळच चाललेली.

शब्द सुटला तेव्हा बुरुज हातभर अंतरावर होता. बोट वळली, पण पोपटचं वल्हं कडाडून मोडलं. आम्ही चौथे आलो, चारात.

काठावर आल्यावर मी विचारलं, "गाव ओ-ओरडत होतं, ऐकू आलं नाही?"

"आलं की," आबा टॉवेल पिळत म्हणाले.

"मग वळला का नाही?"

"तुमचं बोलून कुठं झालं हुतं, भाऊसाहेब?"