कुंकू लागलेली स्प्रिंग

आमच्या मिस्त्रींचं नाव शिवशरण. अक्कलकोट रोडला त्यांचं गिअरबॉक्सचं गॅरेज हाय. तीस वर्षं गिअर जोडले, पण घरात एक कपाट सरळ बसवलं न्हाय. मी काशम्मा, त्यांची बायको. गॅरेजच्या पाठीमागंच आमच्या दोन खोल्या, त्यामुळं गिऱ्हाइकांना चहा माझ्याच हातचा.

सोमेशलाबी. टॉवेलच्या कारखान्याचा मालक, वय बत्तीस, लग्न व्हायचं हुतं. पुण्यातनं त्यानं जुनी लाल गाडी घेतली, दोनच माणसं बसणारी, जोरात पळणारी. त्याची आई ईरम्मा तिच्यात एकदाबी बसली न्हाय. म्हणायची, "जमिनीला लागून बसायचं तर गाडी कशाला पायजे?"

एक दिवस तो घाबराघुबरा होऊन आला. पाचव्या गिअरमधनं चौथा टाकायला गेला आणि पडला दुसरा. नशीब, तवा वेग कमी हुता. इंजिन किंचाळलं, पण वाचलं.

"इंजिन जादा फिरू न देणारा लिमिटर हाय की गाडीत, मिस्त्री काका," तो म्हणला.

"तो पेट्रोल तोडतो. चाकं कोण थांबवणार? वेगात दुसरा पडला की चाकंच इंजिनाला फिरवतात, ते फुटेपर्यंत."

मग मिस्त्रींनी त्याला शेजारी बसवून शिकवलं. पाचव्यातनं चौथ्यात यायचं तर दांडा नुसता सरळ मागं घ्यायचा, खालची स्प्रिंग त्याला आपणहून तिसऱ्या-चौथ्याच्या मधल्या रांगेत आणती. तळव्यानं बाजूला रेटलं की मधली रांग चुकती आणि दुसरा पडतो. "दोन बोटांनी धर. भाकरी उलटतो तसं," म्हणले. मी चहा देता देता म्हणलं, जन्मात एक भाकरी उलटली न्हाय आणि लोकांना शिकवायला निघालेत. सोमेश लई हसला.

दांड्याखालची ती स्प्रिंग पार ढिली झाली हुती. नवी मागवली, ती आली खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. नवमीच्या पहाटे मी पाट मांडला. पाने, हातोडे, जॅक आणि सगळ्यांत वर ती नवी स्प्रिंग. हळदकुंकू वाहिलं, विभूती लावली, झेंडू ठेवला. पुजलेलं हत्यार दसऱ्याला सोनं लुटेपर्यंत उचलायचं न्हाय, ही माझ्या सासूची रीत. ती मी कधी मोडली न्हाय.

सकाळीच सोमेश आला. पुण्याला बहिणीकडं दसऱ्याला जायचं हुतं.

"काका, बसवून द्या की. अर्ध्या तासाचं तर काम."

मिस्त्रींनी पाटाकडं बघितलं. हात पुढं गेला. मी त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नका तुमी. देवासमोरचं हाय. उद्या सोनं लुटल्यावर बसवा."

त्यांनी हात मागं घेतला. किल्ली ठेवून जा, बसनं जा, असं त्याला सांगितलं. तो ऐकणाऱ्यातला न्हवता. मग मिस्त्री म्हणले, "वेगात पाचव्यातनं गिअर उतरवायचाच न्हाय. आधी ब्रेकनं गाडी हळू कर, मग. समजलं?"

"व्हय काका." माझ्या पाया पडला. मी डब्यात होळीगे, म्हंजे पुरणपोळ्या दिल्या, वर तूप घातलं. जा सावकाश, म्हणले. डब्याची काळजी केली, स्प्रिंगची न्हाय केली.

टेंभुर्णीच्या अलीकडं पुढं उसाचा ट्रॅक्टर हुता. त्याला मागं टाकायला जोर पायजे म्हणून सोमेशनं चौथा टाकला असणार, आणि पडला दुसरा. मागची चाकं जाम झाली, गाडी फिरली आणि पुलाच्या कठड्यावर गेली. फोन आल्यावर मिस्त्री तितं गेले तवा सोमेशला दवाखान्यात नेलं हुतं. तो वाटेतच गेला. मिस्त्रींनी गाडीत वाकून बघितलं. दांडा दुसऱ्यातच हुता.

घरी आले, हात धुतले, जेवले न्हाईत. त्याबद्दल मला एक शब्द बोलले न्हाईत. त्या दिवशी न्हाय, नंतरबी न्हाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मी उलटं बोलले असते, भांडून मोकळी झाले असते. ईरम्मासमोर जायचं धाडस मला झालं न्हाय. ती स्प्रिंग मी कुंकवासकट डबीत ठेवली हाय. धुववत न्हाय, टाकवत न्हाय.

दोन वर्षं झाली. यंदा खंडेनवमीला पाट मांडला आणि एक अनोळखी बाई जीप घेऊन आली. गिअर राहत न्हाय, म्हणली. सुटून मधीच येतो, वळसंगला जायचंय. मिस्त्री खुर्चीत हात बांधून बसले. पाटाकडं बघितलं न्हाय, माझ्याकडंबी न्हाय.

मी पाटावरचा पाना उचलला. पदरानं कुंकू पुसलं आणि त्यांच्या हातात दिला. सासू आठवली, आठवू दे म्हणलं.

ते जीपखाली शिरले. पाना वाजायला लागला. मग खालनंच बोलले, "काशम्मा, हाच त्या दिवशी द्यायचा हुतास."

"व्हय," मी म्हणले.

आणि बाईंसाठी चहा टाकायला आत गेले.