घडेल की घडणार नाही

प्रल्हादमामा गेल्याची बातमी मला वसमतमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात कळली. हुंड्याविरुद्धच्या पत्रकाच्या प्रती निघत होत्या. हट्ट्याच्या बाजूनं आलेला एक जीपवाला दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, प्रल्हाद खंदारे तुमचे मामा ना? चला. जीप रिकामीच नेऊन राहिलो." आमच्याकडं जीप कुणी रिकामी नेत नाही. मागं लटकायला माणूस मिळाल्याशिवाय ती हलत नाही. त्या रिकाम्या जीपवरूनच मला सगळं कळलं... वाटेत त्यानं एवढंच सांगितलं, की दुपारी जमीन गुरगुरली, मामाच्या पुस्तकांच्या खोलीचं माळवद, म्हणजे मातीचं छप्पर, खाली आलं आणि मामा आत होते. मी विचारलं, गावात आणखी काही? "न्हाई. कुणाची भांडी पडली, कुणाची मांडणी. जीव तेवढा एकच."

त्याला आता सात आठवडे झाले. पंचनाम्यात भिंत पावसानं ढासळली असं लिहिलं आहे. जमिनीचा त्यात उल्लेख नाही. मामा असते तर त्या कागदाच्या शेवटच्या पानालाही त्यांनी चिठ्ठी चिकटवली असती.

चिठ्ठीचं सांगायला हवं. मामा हायस्कुलात प्रयोगशाळेतले शिपाई होते. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे आणि उरलेल्या वेळात विज्ञानकथा वाचायच्या, हा त्यांचा दिवस. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांनी जिल्हाभरातल्या आपल्यासारख्या वेड्यांना शोधून काढलं आणि एक गठ्ठा फिरवायला सुरुवात केली. त्यात दिवाळी अंकातल्या विज्ञानकथा असत, परग्रहांच्या कादंबऱ्या असत, पुढंपुढं इंग्रजीतून मराठीत आलेली जादूगारांची आणि ड्रॅगनांची जाडजूड पुस्तकंही असत. युरियाच्या पोत्यात बांधलेला हा गठ्ठा जीपनं हट्ट्याहून डोंगरकड्याला जाई. तिथं दवाखान्यातल्या कुसुमबाई, मग हिंगोलीत मुकुंदराव आणि शेवटी गोरेगावचे जीपचालक रफिकभाई. मुकुंदराव कचेरीत कारकून, घरी देवळाची पूजा, आणि वाचायचे फक्त राक्षसांचं. प्रत्येक गोष्टीच्या मागं मामा एक चिठ्ठी चिकटवत. वाचणाऱ्यानं तिच्यावर 'घडेल' किंवा 'घडणार नाही' यातलं एक लिहायचं, कारण एका ओळीत द्यायचं आणि सही करायची. लिहिलेलं खोडायचं नाही. मत बदललं तर खाली नवी ओळ लिहायची. गठ्ठा परत आला की मामा अंगणात बसून एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचत. मामाच्या घराला लागूनच आमचं घर, त्यामुळं आई, म्हणजे त्यांची अक्का, तांदूळ निवडत ते सगळं ऐके आणि म्हणे, "हिंगोलीचा भटजी राक्षसाला घाबरत न्हाई, अन तुझी ही ड्रॅगनची घोरपड बघून घाबरतो काय रं?"

मला या गठ्ठ्याचा राग होता, तरी तो गावाबाहेर जाण्याआधी मामा चिठ्ठीवर माझंही मत लिहून घेत. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. अक्षरं मी बापाच्या पत्रकांवर गिरवली. कुणाच्या घरावर दगड पडतात, कुणाचे कपडे आपोआप पेटतात, त्याला गाव भानामती म्हणायचं आणि एखाद्या एकट्या बाईवर आळ घ्यायचं. बाप आणि मी अशा गावांत पत्रकं वाटत फिरलो. मार खाल्ला. त्यामुळं ज्या कागदानं उद्या माणसाच्या जगण्यात काही बदलत नाही, तो कागद मला फुकट गेलेला वाटायचा. मी मामांना तोंडावर म्हणायचे, "आपल्या वस्तीत पाणी येत नाही आणि तुम्ही मंगळावर जाता. हे पळणं आहे, मामा." ते हसायचे. "पळत न्हाई गं संगे. जरा पुढं जाऊन बघून येऊन राहिलो. परत तर इथंच येतो ना?"

जमिनीचे आवाज सुरू झाले ते दोन हजार सालानंतर कधीतरी, पावसाळा उतरताना. भरलेला ट्रक पायाखालून जावा तसा आवाज. लोक म्हणाले, खदानीतले सुरुंग. काही म्हणाले, देवी.  मामांनी शाळेतून बाद झालेला परीक्षानळ्यांचा एक लाकडी स्टँड घरी आणला, सहा नळ्यांत कमी-जास्त पाणी भरलं आणि तो खिडकीत ठेवला. आवाज येण्याच्या थोडं आधी त्या नळ्या एकमेकींना लागून वाजत. किण किण... आणि मग जमीन बोले. कोणती नळी वाजली, किती वेळ वाजली, हे मामा वहीत लिहीत. वर्षभरानं त्यांच्या लक्षात आलं, की आधी एकच नळी वाजायची, आता तीन-तीन वाजतात. तालुक्याच्या कचेरीत ते वही घेऊन गेले. साहेबांनी अर्ज ठेवून घेतला आणि वही परत दिली.

मग ते माझ्याकडं आले. भर दुपारी, शाळेच्या सुट्टीत, खाकी कपड्यांतच.

"संगे, एक पत्रक काढ," ते म्हणाले. "गावाला सांग, माळवदावरची माती उतरवा."

आमच्याकडची जुनी घरं मातीच्या भिंतींची. वर लाकडी सरांवर, म्हणजे तुळयांवर, फळ्या आणि त्यांच्यावर माती. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी नवा थर टाकायचा. बापानं टाकलेला थर मुलगा काढत नाही, त्याच्यावर आपला टाकतो. लातूरकडच्या भूकंपात माणसं मेली ती या मातीखाली, हे सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे आणि तरी थर चढतच आहेत. मामा म्हणाले, "भूकंपाला मी अडवू शकत न्हाई. माती तर अडवू शकतो."

मी विचारलं, पुरावा काय? त्यांनी वही पुढं केली. मी म्हटलं, "नळ्या वाजल्या म्हणून पत्रक काढायचं? उद्या माणसं घरं सोडून पळतील. भीती पसरवणाऱ्यांशी भांडण्यात बापाचं आयुष्य गेलं. मी अफवा छापत नाही." ते पाणी प्यायले. "बराबर हाय तुझं," म्हणाले, आणि वही काखेत घालून शाळेत गेले. मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला होता. हे मी लिहायलाच हवं.

पुढच्या गठ्ठ्यात मामांच्या अक्षरातली एक गोष्ट होती. त्यांनी लिहिलेली पहिलीच. एका ग्रहावरची माणसं दरवर्षी आपल्या छपरावर एक थर चढवतात. बापाचा थर उतरवणं तिथं पाप असतं. खाली जमीन झोपलेली असते आणि ती आता कूस बदलायला लागली आहे. एक म्हातारी कुदळ घेऊन एकटीच छपरावर चढते. निम्मी माती कशी उतरवायची, सर कुठं तपासायचे, खाटा अंगणात किती लांब टाकायच्या, दार बाहेरच्या बाजूला कसं उघडेल असं बसवायचं, हे सगळं त्या गोष्टीत पायरीपायरीनं होतं. मी नाकारलेलं पत्रकच ते.

मी ती वाचली, ओळखली आणि चिडले. चिठ्ठीवर लिहिलं : 'घडणार नाही. भीती विकणारी गोष्ट.' खाली सही केली. कुसुमबाईंनी लिहिलं, 'घडणार नाही. ग्रहाचं नाव आवडलं.' मुकुंदरावांनी लिहिलं, 'घडणार नाही. कल्पना उत्तम, पण माती उतरवण्याचं वर्णन फार लांबलं.' दहा-बारा वर्षं गोष्टी तपासायची सवय लागलेल्या आम्ही माणसांनी ती बारकाईनं तपासली. तिच्यात आपल्या गावाचा पत्ता आहे हे बाकीच्यांना दिसलं नाही. मला दिसलं होतं.

एकट्या रफिकभाईंनी लिहिलं, 'घडेल.' कारणाची जागा कोरी. शोकसभेला ते गोरेगावहून आले तेव्हा मी त्यांना कारण विचारलं. ते म्हणाले, "बेटी, मैंने क्या लिखना था? दोन दिवस जीप उभी केली अन घरावरची माती काढली. बीवी बोली, पागल हो गए. आमच्याकडं तर काही आवाजबिवाज येत न्हाई." मग म्हणाले, "प्रल्हादभाईंनी कधी खोटं लिहिलं न्हाई ना..."

मामांनी घरातल्यांना कधीच पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं होतं. स्वतःही तिथंच राहत. पुस्तकं मात्र माळवदाच्या खोलीतच राहिली, कारण शेड गळायचं आणि पुस्तकं भिजली असती. आधी पुस्तकांना कोरडी जागा करतो, मग ती माती उतरवतो, असं ते म्हणत. त्या दुपारी गठ्ठा परत आला. बाहेर झिमझिम होती. एरवी ते अंगणात बसून चिठ्ठ्या वाचत, त्या दिवशी आत गेले. खिडकीतल्या नळ्या वाजलेल्या शेजारच्या बायकांनी ऐकल्या. सगळ्या वाजल्या, असं त्या सांगतात. मामांनी ऐकल्या नसतील असं मला वाटत नाही. चिठ्ठी वाचत असतील. माझी वाचत असतील का, हा प्रश्न मी कुणाला विचारू?

पोत्याखाली दबलं होतं म्हणून ते हस्तलिखित टिकलं. स्टँडच्या सहापैकी चार नळ्या शाबूत निघाल्या. त्या आता आमच्या खिडकीत आहेत आणि त्यांना फार दिवस गप्प राहणं जमत नाही. आमचं घरही माळवदाचंच. सात आठवडे मी आईला माती उतरवू या म्हणत होते. माझ्या पत्रकांतले सगळे मुद्दे सांगून झाले. भांडून झालं. ती म्हणायची, "बाहेर निजा म्हणून जगाला सांगणारा आत मेला. मला काहून सांगती?"

परवा सकाळी ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी मामांची गोष्ट आणली आणि मोठ्यानं वाचायला लागले, ते वाचायचे तशी. म्हातारी कुदळ घेऊन छपरावर चढते तिथं आईचे हात थांबले.

"ही म्हातारी बोलती माझ्यावानी," ती म्हणाली.

"तुझीच आहे ती."

"प्रल्हादला मी इतकी म्हातारी दिसत होते व्हय?"

तिनं मला शेवटपर्यंत वाचायला लावलं. मग चिठ्ठीवर काय लिहिलंय ते विचारलं. मी सगळ्यांचं वाचून दाखवलं, माझंही. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला, भिंतीला टेकलेली कुदळ घेतली आणि शिडी लावायला सांगितली. मी तिच्यामागं टोपलं घेऊन चढले. सर्वांत वरचा थर मऊ होता, गेल्या वर्षी तिनंच टाकलेला. त्याखाली जुने थर लागले, आजोबांपासूनचे, दगडासारखे.

चिठ्ठीवर माझी नवी ओळ अजून लिहायची आहे. तेव्हा हात मोकळे नव्हते. तिसरं टोपलं मी खाली ओतत होते आणि आई वर, मधोमध उभी होती, तेवढ्यात खाली खिडकीत एक नळी वाजली. मग दुसरी... आईनं कुदळ धरलेला हात हवेत तसाच ठेवला. आम्ही दोघी तिसरीची वाट बघत राहिलो.