एकशे सदतीस दोरे

मानवतच्या आसपास दरमाणशी कापड कमी लागायचे. ते तिथली माणसे अंगाने बारीक होती म्हणून नव्हे, तर माझ्या मावससासूबाई तिथे राहत होत्या म्हणून. हे मी जावई म्हणून कौतुकाने लिहीत नाही. जमीन मोजणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे. निजाम सरकारच्या पैमाइश खात्यात साखळी ओढत मी अर्धे आयुष्य काढले आहे, आणि मोजल्याशिवाय एखादी गोष्ट मोठी किंवा लहान म्हणायची मला सवय नाही. मावशींना मी पुष्कळदा मोजून पाहिले. दर वेळी माझेच माप चुकलेले निघाले.

त्यांच्या यजमानांचे, म्हणजे आम्ही ज्यांना काका म्हणत असू त्यांचे, पेठेत कापडाचे दुकान होते. पुढे दुकान, मागे घर आणि मधल्या दाराला एक जाड पडदा. बाईमाणसाने दुकानात बसायची रीत नव्हती, त्यामुळे लग्नापासून मावशींनी त्या पडद्यापुढे पाऊल टाकले नव्हते. पण आवाजाला कोण अडवणार? गिऱ्हाईक पुढच्या दाराने आले की त्याच्या घरची बाई मागच्या दाराने मावशींकडे यायची. काका थान उलगडून तोंडभर सांगत, "बंडीला अडीच गज तरी लागंल," तोवर पडद्याआडून आवाज येई, "ओ, एक गज तेरा गिरह फाडा. मी कापून देते." गजाचे गिरह सोळा. म्हणजे एका बंडीमागे अकरा गिरह कापड काकांच्या हातात तसेच राहायचे. गिऱ्हाईक हसायचे. काका कापड फाडता फाडता म्हणायचे, "दुसऱ्याच्या दुकानाला दुश्मन बाहीरून येतो, माझ्या तर घरात सैपाक करायलाय."

पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मला ते बढाईचे वाटले. मी चौकटीचा कागद घेतला, माझ्याच बंडीचे तुकडे आखले, कापडाचा पन्हा धरून गणित केले. काटकसरीने केले तरी दोन गज तीन गिरह येत होते. कागद मावशींपुढे ठेवला. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांनी कागद उलटा धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "जावईबापू, तुमी बाह्या सरळ झोपवल्यात. त्यांला जरा कुशीवर वळवा." मी वळवल्या. सहा गिरह वाचले. दुसऱ्या दिवशी बंडी शिवून तयार होती, आतल्या खिशासकट, आणि सुपारीएवढा एक तुकडा उरला होता. तो मला दाखवताना त्या ओशाळल्या. पुढच्या खेपेला त्या तुकड्याला मी घरातल्या वाकळीत ओळखले.

घरात शिवणयंत्र नव्हते. होती ती एक कात्री, जिने कागद कापणाऱ्याला त्या दिवशी जेवताना तूप मिळत नसे, आणि एक सुई, जी मावशी शिवत नसतील तेव्हा त्यांच्या अंबाड्यात असे. समोर माणूस आला की त्याची विचारपूस करताना त्यांची नजर त्याच्या बगलेवर. लग्नात अंतरपाट धरला की बाकीच्या बाया अक्षता सावरीत. मावशी माझ्या बायकोच्या कानाशी लागून म्हणत, "ह्याच्यात दोन झबली अन् एक टोपडं बसतंय." एकदा दुखवट्याला गेल्या असता रडणाऱ्या सुनेला त्यांनी पोटाशी धरले, पाठीवरून हात फिरवला आणि बाहेर आल्यावर मला हळूच सांगितले, "पोरीनं दोन महिन्यांत लय अंग टाकलंय. तिच्या सासूला सांगायला पायजे." सासूला सांगितले. पोरगी खरेच आजारी होती.

त्यांचे माप घ्यायचे साधन म्हणजे दोरा. माणसाला एकदा उभे करायचे, सुती दोरा लावायचा आणि खांदा, छाती, बाही, उंची अशा चार गाठी मारायच्या. लहान पोराच्या दोऱ्याला खाली शेपूट सोडायचे, वाढत्या अंगासाठी. नव्या सुनेचा दोरा घ्यायच्या आधी तिच्या हातावर गुळाचा खडा. हे दोरे माजघराच्या भिंतीवर खुंट्यांना टांगलेले असत. मी एकदा म्हणालो, "मावशी, आमच्या खात्यात लोखंडी साखळी असते. दोरा ताणला की माप बदलते." त्या म्हणाल्या, "तुमचं रान जेवत न्हाई, बाळंत होत न्हाई, म्हातारं होत न्हाई. त्याला साखळी चालती."

आता दुकानाचे सांगतो. त्या सुमारास आठवडी बाजारात परगावचा एक व्यापारी बैलगाडी भरून शिवलेले तयार सदरे आणू लागला. लोक गाडीभोवती गर्दी करीत, अंगाला लावून बघत आणि घेऊन जात. काका दुकानाच्या पायरीवर बसून ती गर्दी पाहायचे. दोन हंगाम त्यांनी पाहिली. एका दुपारी जेवताना त्यांनी मला सांगितले, "जावईबापू, कापडाचे दिवस गेले. इथून पुढं माणूस शिवलेलंच घेणार. सरकीच्या व्यापाऱ्याला जागा गोदामाला देऊन टाकतो. शुक्रवारी त्याचं कुलूप घेऊन येणार हाय." मावशी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "जिच्या घरात सुई हाय ती कापडाला येणारच." काका म्हणाले, "तुझी सुई माझं दुकान चालवायलीय का बुडवायलीय, तेच कळत न्हाई मला." मावशींनी भाताचे पातेले खाली ठेवले आणि आत गेल्या. काकांच्या ताटात तूप पडले नाही, आणि कात्री तर कोणी वापरली नव्हती.

मंगळवारी मावशी एका लग्नघरी चोळ्या पोचवायला गेल्या. मोजणीच्या कामासाठी मी त्यांच्याकडेच उतरलो होतो, आणि त्या दिवशी लवकर परतलो होतो. माजघरात बसल्या बसल्या माझी नजर दोऱ्यांवर गेली. लांब, आखूड, शेपटीवाले, बिनशेपटीचे, सगळे मला कसेही टांगलेले दिसले. आमच्या दप्तरात असे नकाशे ठेवले असते तर माझी नोकरी गेली असती. मी सगळे खाली काढले, लांबीप्रमाणे लावले, दहादहाच्या जुड्या बांधल्या. तेरा जुड्या झाल्या आणि सात दोरे उरले. एकूण एकशे सदतीस. फार समाधान वाटले.

मावशी आल्या, भिंत पाहिली आणि तिथेच खाली बसल्या.

"काय केलाव हे, जावईबापू?"

"लांबीवार लावले. आता सापडायला सोपे."

"ती गल्ल्यांची रांग होती," त्या म्हणाल्या. "वरची ओळ पेठ, मधली मारुतीच्या मागची, खालची येशीकडची. शेवटच्या दोन खुंट्या भाईरगावच्या."

खुंटीवरची जागा हीच त्यांची अक्षरे होती, आणि ती मी पुसून टाकली होती. चाळीस वर्षांची मोजणी एका दुपारी बुडवणारा कारकून आमच्या खात्यातही झाला नसेल.

मावशींनी पदर खोचला, पहिली जुडी सोडली आणि एक दोरा बोटांतून ओढला. डोळे समोरच्या भिंतीवर. "हा तांबोळी. डावा हात आखूड हाय त्याचा." दोरा खुंटीवर गेला. दुसरा. "ही चुडाव्याची, तिसऱ्या बाळंतपणानंतरची गाठ हाय." तिसरा. "ही राणीसावरगावची. माहेरपणाला आली की खण नेती." मी पाटी घेऊन एकेक खूण करू लागलो. ऊन अंगणातून ओट्यावर सरकले. काका पाणी प्यायला आत आले आणि तांब्या हातात धरून पडद्याशीच उभे राहिले. मावशी नावे घेत होत्या, कोणाचे पोट सुटले, कोण वाकला, कोणाचे पोर वीतभर वाढले. एकदाही अडखळल्या नाहीत. एकशे सदतिसावा दोरा खुंटीवर गेला तेव्हा पेठेतली, मारुतीच्या मागची, वेशीकडची सगळी माणसे उघड्या अंगाने त्या माजघरात उभी असल्यासारखे मला वाटले. इतके मोठे गाव इतक्या बारीक मापाने मोजलेले मी नोकरीत कधी पाहिले नाही.

काकांनी विचारले, "ह्यातल्या तयार सदरा घेणाऱ्यांचे किती?"

मावशी उठल्या, भिंतीवरून हात फिरवत नऊ दोरे वेगळे केले. "हे नऊ." मग त्यातले चार परत टांगले. "हे बगलंत उसवले म्हणून माघारी आले." हातात पाच उरले. "ह्यांना जाऊ द्या. ह्यांचं अंगच बाजारच्या मापाचं हाय."

काका पाणी न पिताच दुकानात गेले. शुक्रवारी सरकीचा व्यापारी कुलूप घेऊन आला. मी पडद्याआड होतो. काका त्याला म्हणाले, "जागा मोकळी न्हाई. मागं एकशे बत्तीस माणसं हायेत." व्यापाऱ्याने आत डोकावल्यासारखे केले आणि कुलूप घेऊन परत गेला.

पुढे लढाईच्या वर्षांत कापड परवान्यावर मिळू लागले. घरटी ठरलेले गज. इतर दुकानांवर भांडणे होत. आमच्या दुकानी पडद्याआडून एक गज तेरा गिरहचा आवाज येई आणि तेवढ्याच परवान्यात बंडीबरोबर पोराचे झबले निघे. तयार सदऱ्यांची गाडी त्या काळात यायची बंद झाली होती. कापड नसेल तर सदरा कशाचा? काकांनी त्यानंतर घरातल्या दुश्मनाचा विषय काढला नाही.

मावशी पोलीस ॲक्शनच्या आदल्या थंडीत गेल्या. दोरे आहेत तसेच खुंट्यांवर आहेत. मी एकदा बसून नावांची यादी करायला घेतली, पण बोटांतून ओढला की प्रत्येक दोरा मला दोराच लागतो. माझा तेवढा ओळखला, तोही त्यांनीच एकदा दाखवला होता म्हणून. तिथेच अंगाला लावून पाहिला. छातीची गाठ तीन बोटे कमी पडते. खांद्याची अजून बरोबर बसते.

गेल्या महिन्यात दुकानात बसलो होतो. एक शेतकरी बंडीचे कापड घ्यायला आला. काकांनी थान उलगडले, गज लावला, एक गज तेरा गिरहवर बोटाने खूण धरली आणि फाडायच्या आधी पडद्याकडे मान वळवून थांबले. पडदा वाऱ्याने जरा हलला. काकांनी धरलेली खूण सोडली, कापड पुढे ओढले आणि अडीच गजांवर फाडले.

"जास्ती हाय जरा," ते त्याला म्हणाले. "आता कापणारी न्हाई."