मंजनआत्याची डबी

मंजनआत्या हसताना पदर तोंडावर घेई. नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा मला ती मर्यादा वाटली. पदराआड चार काळे दात होते, एवढंच. ही तुमच्या आजोबांची थोरली बहीण, राहायची उंद्रीला. कंबरेला कायम मिश्रीची डबी, म्हणून मंजनआत्या.

तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, वाटायची आणि मग त्याच तव्यावर भाकरी टाकायची. दिवसातून सहा वेळा बोट हिरड्यांवर फिरे. दात एकेक करून गेले, तिचं मत हललं नाही. "दाताचं काय, आज आहे, उद्या नाई. हिरडी मजबूत पायजे."

तुमची आई चौदा वर्षांची असताना सुटीत तिच्याकडे गेली. दात घासताना हिरड्यांतून रक्त येई. आत्यानं ब्रशच काढून घेतला. "जखम कोनी घासते काय वं?" आणि बोटावर मिश्री दिली. आठवड्यात रक्त थांबलं. पोरीला चिखलीला आमच्याकडे आणून सोडताना आत्या मला म्हणाली, "पाह्य वयनी, तुह्या इंग्रजीनं नाई थांबलं ते."

आणि मी, शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई, पोरीला पुन्हा ब्रश घे म्हटलं नाही. रक्त दिसत नव्हतं ना.

दिवाळीत पोरीचा खालचा दात हलू लागला. दप्तरात तशीच डबी सापडली. दातांचे डॉक्टर म्हणाले, "या वयात हिरड्या लवकर सुजतात. घाण साचली की रक्त येतं. तुम्ही घासणं सोडलंत, वर तंबाखू लावलीत. तिनं रक्त दबलं, आतला रोग वाढत राहिला." दात गेला. तलफ सुटायला वर्ष लागलं. आत्याला कळवलं, तर म्हणे, "दातच कच्चा असन."

इतका निर्धास्त अडाणीपणा मी दुसरीकडे पाहिला नाही. पोरीवर तिचा जीव होता, हे मान्य. म्हणून तर पोरीनं तिचं ऐकलं.

गेल्या वर्षी तिला शेवटची भेटले. तोंडाचं बोळकं झालेलं, दुधात कुस्करलेली भाकरीही ओघळत होती. तिनं कंबरेची डबी काढून माझ्या हातात ठेवली. "फेकून दे, वयनी. पोरीले सांगू नोको मी देल्ली म्हून. म्हनजो, तूनंच हिसकली."

डबी मी नालीत रिकामी केली. तुमच्या आईला सांगितलं, हिसकून घेतली. तुम्हाला मात्र खरं ते लिहिलं. आता रविवारी व्हिडिओ कॉलवर 'ओठ वर करा, हिरड्या दाखवा' म्हटलं की हसू नका. दाखवा.