ताईनं सांगितलेली मांजराची गोष्ट

ताईला जाऊन काही आठवडे झाले, पण डोळ्यांसमोर येते ती इस्पितळातली शेवटची दुपारच. डावा हात पांघरुणावर निपचित पडलेला, शब्द मध्येच निसटणारे, आणि शिकवायची खुमखुमी मात्र तशीच. ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात तिनं जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं. परजीवी हा तिचा लाडका विषय. फूलबागेत चक्कर मारतानाही ती त्यांच्याबद्दलच बोलायची आणि शेजारी कचोरी खाणाऱ्याचा घास कडू करायची. "हा टॉक्सोप्लाझ्मा बघ, मांजरातून माणसात येतो. दार तोडत नाही. आपली कडी सोबत आणतो, पेशीच्या भिंतीत ठोकतो, अन् तिलाच धरून आत घुसतो. जाताना त्याच भिंतीचं पांघरूण ओढून घेतो. पेशीला वाटतं, घरचाच कोणी आहे." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर निव्वळ कौतुक असे. मला शिसारी यायची.

तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा माझं एक तिला जुळलं. ती कितीतरी दिवस नाहीच म्हणत होती. शेवटी मी चिडून विचारलं, "तुला परजीवी चालतात, सख्खा भाऊ चालत नाही?" तेव्हा कुठे हसली आणि तयार झाली. शस्त्रक्रिया नीट झाली. शरीरानं माझं मूत्रपिंड परकं म्हणून झिडकारू नये, यासाठी औषधांनी तिची प्रतिकारशक्ती दाबून ठेवली होती. आणि मग तिला झटके येऊ लागले... मेंदूत गाठी दिसल्या. तपासण्यांतून कारण कळलं. तोच, टॉक्सोप्लाझ्मा.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "ऑपरेशन से पहले का खून दोबारा जाँचा। उनमें कुछ नहीं था। आपमें पुराना निशान है।" माझ्या शरीरानं ज्याला वर्षानुवर्षं गप्प बसवलं होतं, तो माझ्याच मूत्रपिंडातून तिच्यात गेला होता. मी खोलीत परतलो. ताईनं माझा चेहरा निरखला. डॉक्टर तिच्याशी आधीच बोलले होते की तिचं तिलाच उमगलं होतं, मला आजही ठाऊक नाही.

"नंदू, बैस. ते मांजर आठवतं न, बचपनचं? माझ्या... माझ्या पांघरुणात झोपायचं. तेव्हाच घुसला असणार हा. पक्कं. तू फालतू विचार नको करू."

ताईला मांजर नजरेसमोर नको असे. ते माझं होतं, माझ्या अंथरुणात निजायचं, आणि त्यावरून ती आईशी कडाकडा भांडायची. विद्यार्थ्यांची बारीकशी चूकही खपवून न घेणारी ही बाई आपल्याच विषयात धडधडीत खोटं बोलत होती, आणि त्या खोट्यासाठी एकेक शब्द शोधताना तिला धाप लागत होती. मी म्हणालो, "हो ताई, तुझ्याजवळच झोपायचं." तिनं डोळे मिटले. त्यानंतर ती नीट अशी बोललीच नाही.

शस्त्रक्रियेनंतर रोज सकाळी तिचा फोन यायचा, "पाणी प्यायलास का? एकच राहिलंय तुझ्याकडे." आता फोन येत नाही, पण मी उठतो आणि उभ्या उभ्या तांब्याभर पाणी पितो. डॉक्टर म्हणतात, माझ्यात तो अजून आहे. मला त्याचा काहीच त्रास नाही.