बारवेच्या पायरीवर कोण बसलं होतं?

भुताखेतांचं मला काही सांगू नका, असं मी आजवर सगळ्यांना तोंडावर सांगत आले. ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते मी. कुणी नजर लागली, उतरवून टाका म्हटलं की माझं डोकंच फिरतं. त्यामुळे हे इथं लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण आधीच सांगते, शेवट चांगला आहे, बिनधास्त वाचा.

आम्ही मुकुंदवाडीत राहतो, जालना रोडला लागूनच. तो दुष्काळाचा उन्हाळा होता. नळाला आठवडा-आठवडा पाणी नाही, टँकर आला की गल्लीत बादल्यांची मारामारी. आणि नेमकं तेव्हाच मला सॉल्ट प्रिंटचं वेड लागलेलं! फोटो छापायची ही फार जुनी पद्धत. कागद मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवायचा, वरून सिल्व्हर नायट्रेट लावायचं, त्यावर निगेटिव्ह ठेवून काचेच्या फ्रेममध्ये दाबायचा आणि उन्हात ठेवायचा. चित्र उन्हातच हळूहळू उमटतं, तपकिरी. मग ते हायपोच्या द्रावणात बुडवून पक्कं करायचं, नाहीतर उजेडानं अख्खा कागद काळा पडतो. टँकरच्या खाऱ्या पाण्यात सिल्व्हर दुधाळ होतं, म्हणून मी डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणायचे. माझे सासरे, म्हणजे दादा, कुरकुरायचे, "प्यायला पानी नाय, अन् ही कागदाला आंघोळ घालती!"

त्या दिवशी सकाळी दादा "शहागंजात जाऊन येतो, घड्याळ दुरुस्तीला टाकलंय" म्हणून निघाले. चष्मा खिडकीतच विसरले. मोबाईल तर ते वापरतच नाहीत. दुपार झाली तरी पत्ता नाही... बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं, त्यात त्यांना बीपीचा त्रास. माझा नवरा शहागंज पालथं घालायला गेला. मला म्हणाला, "तू घरीच थांब, आले तर फोन कर."

मला बसवेना. काहीतरी हाताला काम हवं म्हणून सकाळी तयार केलेला कागद फ्रेममध्ये घातला आणि गच्चीवर ठेवला. निगेटिव्ह होती शहराबाहेर करमाडजवळच्या एका जुन्या बारवेची — पायऱ्या-पायऱ्यांची दगडी विहीर, आता कोरडीठाक. काही दिवसांपूर्वी मीच फोटो काढला होता. फोटोत चिटपाखरूही नव्हतं, आणि दादांना मी तो दाखवलासुद्धा नव्हता.

थोड्या वेळानं फ्रेम सावलीत आणली, मागची अर्धी फळी उघडून कागद उचलून पाहिला. पायऱ्या छान आल्या होत्या. आणि एका पायरीवर... माणूस. एक पाय लांब केलेला, टोपी काढून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवलेली. अशी टोपी ठेवून बसणारा माणूस आमच्या घरात एकच आहे. मी निगेटिव्ह काढून उजेडात धरली. पायऱ्या रिकाम्या होत्या.

नवऱ्याला फोन लावला. "अहो, करमाडला जा, दादा तिथं आहेत."

"कुणी सांगितलं?"

आता काय सांगणार, कागदानं? तो वैतागला, "अगं, डोकं ठिकाणावर आहे का? ते शहागंजला गेलेत, करमाड पार उलट्या दिशेला!"

फोनवर बोलत बोलतच मी खाली आले, तर शेजारच्या शमीमभाभी दारातच उभ्या होत्या. माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. "चलो, देखको आते. नहीं मिले तो वापस आ जाते, क्या बिगडता?" मी समोरच्यांना घराकडं बघायला सांगितलं, हाताला लागला तो डिस्टिल्ड वॉटरचा कॅन उचलला आणि भाभींच्या स्कुटीवर मागं बसले. रस्ताभर मी देवाचं नाव घेत होते. हो, मीच!

दादा तिथंच होते. त्याच पायरीवर, पाय लांब, टोपी गुडघ्यावर. घोटा टम्म सुजलेला. चष्म्याशिवाय भलत्याच काळीपिवळी जीपमध्ये बसले, डुलकी लागली, करमाडला उतरवलं. तहान लागली तेव्हा तरुणपणी पाहिलेली ही बारव आठवली, तेव्हा तिला पाणी असायचं. उतरताना पाय मुरगळला, मग उठताच येईना. हाका मारून मारून घसा बसलेला. मला बघून म्हणाले, "लई उशीर केला गं सुनबाई... पानी आनलंस का?" घटाघटा प्यायले, आणि तोंड वाकडं करून म्हणतात, "ह्याला तर चवच नाय!"

मी तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

प्रिंटचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. गच्चीवर उघडा टाकूनच पळाले होते, हायपो कुठला नि काय! परत येऊन बघते तर कागद काळाभोर. मोबाईलवर फोटो का नाही काढला? सुचलं नाही हो! त्याच निगेटिव्हवरून पुढं कितीतरी प्रिंट काढले, सगळ्यांत पायऱ्या रिकाम्याच. नवरा म्हणतो, काळजीनं भास झाला तुला. असेलही. पण दादा त्याच पायरीवर पाय लांब करून बसल्याचं भासाला कसं कळलं, हे त्याला सांगता येत नाही... आणि केमिस्ट्री शिकवून मलाही नाही. खरं सांगू? आता मी उत्तर शोधतही नाही.

दादांनी मात्र या सगळ्या प्रकाराची पार चेष्टा करून टाकलीय. मी फ्रेम घेऊन गच्चीवर निघाले, की खालून हाक येते, "सुनबाई, त्यात नको बघू गं... मी घरीच हाय!"