मंडईच्या दिवशी कुलूप

दिवाळी संपली की लोक मोकळे होतात. गोकुळाची धास्ती मात्र तेव्हाच सुरू व्हायची. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडया सुरू होतात, गावोगावच्या जत्राच त्या. आज या गावची, उद्या त्या गावची. दुकानं, पाळणे, दिवसा दंडारीची नाचगाणी, रात्री नाटक. ज्या गावची मंडई, त्या गावात घरोघर पाहुणे. ते कधी येणार हे विचारायचं नसतं, आणि कधी जाणार हे तर मुळीच नाही.

गोकुळाचं गाव आरमोरीहून आठ किलोमीटरवर. नवरा इस्तारी तलावात जाळं टाकतो, त्यामुळे या घरी मंडईला मासे मिळतातच, हे सगळ्या सोयऱ्यांना पाठ होतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, म्हणजे एकतीस मंडया. त्यातली एकही तिनं पाहिली नव्हती. पाळण्याची करकर चुलीपाशी ऐकू यायची, तेवढीच तिची मंडई.

मागच्या वर्षी दुपारी उडदाचे वडे तळता तळता तिला घेरी आली. डावा हात कढईत गेला. कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. तेव्हा सगळ्यांत आधी धावत आली ती तिची थोरली नणंद सोनीबाई. तिनं कढईत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "वडे जळले वो!"

हात भरून आला. ते वाक्य काही भरून आलं नाही.

यंदा दिवाळीच्या आधी गावातल्या आशाताईनं, चंदानं, तिचा बीपी मोजला आणि यंत्राकडे बघतच राहिली. "काकू, एकशे ऐंशी! गोळी खाऊन वरून चुलीपाशी दिवसभर बससान तं लकवा मारन. झोपा, आराम करा."

गोकुळानं हे इस्तारीला सांगितलं. तो जाळ्याची गाठ दातानं ओढत म्हणाला, "मंडई होऊ दे. मंग झोपजो ना महिनाभर."

बोलून उपयोग होतो तो माणसाशी, जाळ्याशी नाही.

मंडईच्या दिवशी इस्तारी पहाटेच तलावावर गेला. गोकुळानं गोळी घेतली, पिशवीत एक लुगडं टाकलं आणि दाराला कुलूप लावलं. ती सोनीबाईच्याच घरी निघाली होती, धानोऱ्याकडे. सोनीबाई दरवर्षी दुपारच्या गाडीनं यायची. तिच्या आधी तिच्या दारात जाऊन बसायचं. मग पाहुणीला टाकून ती मंडईला येते कशी, ते बघायचं होतं.

हिशोब चोख होता. फक्त आदल्या दिवशी इस्तारीनं बहिणीला फोन केल्याचं तिला ठाऊक नव्हतं. तलावात मोठ्या मरळी सापडल्यात, सकाळीच ये, म्हणून.

ती आरमोरीच्या स्टँडवर पोहोचली, तोच गडचिरोलीहून आलेली गाडी लागली आणि तिच्यातून सोनीबाई उतरली. मागून तिचा मुलगा सुरेंद्र, सून रिंकू, दोन नातवंडं आणि शेजारच्या दोन बाया. एकूण सात.

"काऊन वो गोकुळे, आमाले घ्याले आली का?"

"नाई बाई. तुमच्याच घरी याले निघाली होती."

"आमच्या घरी? आज? आज तं तुमची मंडई हाय!"

"म्हणूनच तं."

सोनीबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली. "आमच्या घराले कुलूप हाय."

"माह्याही घराले हाय."

शेजारच्या दोन बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. सुरेंद्र मोबाईलमध्ये तोंड घालून उभा राहिला.

"पाव्हण्याले रस्त्यातून वापस पाठोतं का?" सोनीबाई कडाडली. "तुह्या मायनं हेच शिकोलं का तुले?"

"मायनं रांधाले शिकोलं. त्याच्यातच हात गेला." गोकुळानं बाही वर सरकवली. दंडाखालची चामडी अजून चकाकत होती. "हे पाहा. तवा तुमी काय म्हणलं, आठोते?"

"वडे जळले म्हणलं. जळलेच होते ना!"

रिंकूनं पदर तोंडात धरला, तरी हसू बाहेर आलंच. सासूनं तिच्याकडे असं पाहिलं की नातवंडंही दोन पावलं मागे सरकली.

चहाच्या टपरीवरचा म्हातारा म्हणाला, "अवं बायांनो, भांडण घरी जाऊन करा ना."

"घराले कुलूप हाय भाऊ," गोकुळा म्हणाली, "म्हणून इथी करून राह्यलो."

टपरीवर हशा पिकला. सोनीबाईचं नाक लाल झालं. "चावी आण इकडं! माह्या बापाचं घर हाय ते. मले का रांधता नाई येत?"

हे ऐकायला गोकुळानं एकतीस वर्षं दिली होती. तिनं कमरेची चावी काढून नणंदेच्या हातावर ठेवली. "मरळी हंड्यात जित्या हायत. डाळ भिजली हाय." डाळ तिनं रात्री सवयीनंच भिजत घातली होती, पळून जायचं ठरलं तरी हातांना कुणी सांगितलं नव्हतं.

सातही जण तणतणत ऑटोत बसले. गोकुळा स्टँडच्या बाकावर पिशवी उशाला घेऊन आडवी झाली. गाड्या येत होत्या, कंडक्टर ओरडत होते, आणि ती मेल्यासारखी झोपली.

तीनच्या सुमारास ती गावात पोहोचली. चौकात पाळणा फिरत होता. तो तिनं उभं राहून पाहिला, पुरा एक फेरा. मग घरी आली, पण आत गेली नाही. उंबऱ्याबाहेर थांबली. पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी द्यायचं असतं.

शेजारणी कुडावरून बघायला लागल्या. इस्तारी खाटेवरून उठला. "अवं, ये ना आत. आपलंच घर हाय."

"पाणी आलं नाई अजून."

इस्तारीनं बहिणीकडे पाहिलं. धुरानं डोळे सुजलेली, कपाळाला पीठ लागलेली सोनीबाई बाहेर आली. गावासमोर पाहुण्याला पाण्याविना उभं ठेवणं तिच्या बापाच्या घराला शोभलं नसतं. तिनं लोटा दाणकन आपटला. अर्धं पाणी सांडलं. "घे, महाराणी!"

गोकुळानं उरलेल्या अर्ध्या पाण्यानं एक एक पाय सावकाश धुतला. मग नाक वर करून वास घेतला.

"बाई," ती म्हणाली, "वडे जळून राह्यले."

सोनीबाई शिव्या घालत आत पळाली. "पुढच्या वर्षी या घरी पाय नाई ठेवणार मी!" असं ती चुलीपाशी तीनदा म्हणाली, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं.

यंदाच्या दिवाळीत गोकुळाला मिळालेलं एवढंच काय ते गोड. ती इस्तारीच्या खाटेवर पडली आणि भिंतीकडे तोंड केलं.